मुकादमाची फांदी

माळावर अजून नांगर फिरला नव्हता, तेव्हाची गोष्ट. तिथल्या एका बोरीखाली सातभाई पक्ष्यांचा थवा राहायचा. सगळे खाली किडे टिपायचे आणि एक जण पहाऱ्याला वर बसायचा. त्याने हाक दिली की सगळ्यांनी बोरीच्या काटेरी जाळीत शिरायचं, असा नियम होता.

त्यांचा मुकादम फार शिस्तीचा. रोज सकाळी तो शिक्रा आल्याची खोटी हाक द्यायला लावायचा. थवा जाळीकडे पळायचा आणि मुकादम फांदीवर बसून चुका काढायचा. "ठिपके, पंख आवरून घे. काट्यांत अडकशील."

एकदा ठिपकीने विचारलं, "मुकादम, तुम्ही नाही का येत आत?"

"मी आत आलो तर तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार?" मुकादम म्हणाला. ते सगळ्यांना पटलंही.

मग एका दुपारी खरोखरच शिक्रा आला. हाक झाली आणि बघता बघता थवा जाळीत गडप झाला. मुकादम सवयीने फांदीवरच बसून राहिला. शिक्रा आपल्याकडेच वळलाय हे दिसल्यावर मुकादम खाली झेपावला. त्याने जाळीभोवती एक घिरटी घातली, मग दुसरी. चहूकडे काटेच होते.

"अगं ठिपके, शिरायचं कुठून?"

"बुंध्याशी, दगडाच्या मागून. पंख आवरून घ्या."

मुकादम आत आला, पण त्याच्या शेपटीची पिसं शिक्र्याच्या नखांत राहिली.

दुसऱ्या सकाळी खोटी हाक झाली. थवा जाळीशी पोचला, तेव्हा दगडामागून आधीच कोणीतरी आत शिरत होतं. त्याला शेपटी नव्हती.