गबाजीचं धोतर

बाहुल्या माणसांशी बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. भिवा बाहुलेवाल्याच्या पेटीत गबाजी नावाचा लाकडी विदूषक राहायचा. प्रत्येक खेळात भर दरबारात त्याचं धोतर सुटायचं आणि लोक पोट धरून हसायचे. "अख्ख्या तालुक्यानं माझं ढुंगण पाहिलंय," गबाजी म्हणायचा, "तोंड मात्र कुणाला आठवत नाही."

पेटीत त्याच्या शेजारी जरीचा पायघोळ झगा घातलेले राजेसाहेब असत. ते नाक मुरडून म्हणत, "नागवा कुठला! लांब सरक, माझ्या जरीला लागशील."

एके दिवशी हे गबाजीच्या फार मनाला लागलं. तो भिवाला म्हणाला, "मालक, पुरे झाली शोभा. मलाही राजेसाहेबांसारखा झगा शिवा."

भिवानं मान डोलावली आणि करवत काढली.

"झगा शिवायला करवत कशाला?" गबाजी दचकला.

"पाय कापायला. झग्यात पाय असले की दोऱ्या अडकतात. म्हणून झगेवाल्यांना आम्ही कमरेखाली काही कोरतच नाही. तुझं धोतर सुटायचं होतं, म्हणून तुला तेवढं सगळं कोरलं."

गबाजीनं राजेसाहेबांकडे पाहिलं. ते झगा सावरत कोपऱ्यात सरकले.

'म्हणजे इथे दाखवण्यासारखं काही असलेला मी एकटा,' गबाजीच्या मनात आलं, 'आणि इतके दिवस लाजतोयही मीच!'

"मालक, करवत ठेवा," तो म्हणाला, "आणि आज गाठ जरा सैलच मारा."