येते म्हण, माय

बोरवंड गावी दयाळगीर महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेर चिंचेखाली त्यांचा मठ होता. मठ कसला, चार कुडाच्या भिंती आणि वर पाचट. पण त्या दारातून कोणी उपाशी गेले नाही. भक्तहो, अशा दारी उभे राहायला मिळते हेच केवढे भाग्य!

मठात धुरपदाबाई नावाची एक विधवा समईच्या वाती वळायची. मोठ्या आजारपणानंतर तिचे हात कापू लागले आणि वाती सैल पडू लागल्या. मठाचे कारभारी त्र्यंबकराव तसे वाईट नव्हते, पण कारभार मिळाल्यापासून देवही आपल्या हाताखाली आहे अशा थाटात वागत. त्यांनी सगळ्यांदेखत वातींचे तबक बाजूला सारले. "बाई, आता तुमचा इथे काही उपयोग नाही," ते म्हणाले. "प्रसाद खा आणि घरी बसा." मंडळी हसली.

घरी तरी कोण होते? नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आपण जगून कुणाचे काय भले होते, हा विचार आधीपासूनच तिच्या मनात घर करून होता. त्या बोलण्याने तो पक्का झाला. दुसऱ्या दिवशी ती शेवटचे दर्शन घ्यायला आली. पायांवर डोके ठेवून उठली आणि म्हणाली, "महाराज, जाते मी."

आपल्याकडे निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. महाराजांनी तो शब्द बरोबर धरला. ते उठले आणि चक्क उंबऱ्यावर जाऊन बसले.

"येते म्हण, माय."

तिला ते म्हणवेना. महाराजांपुढे खोटे कसे बोलायचे? तेव्हा महाराजांनी आडपडदा न ठेवता विचारले, "जीव द्यायचं मनात आहे का?"

"व्हय," ती म्हणाली. "लई दिसांपासून. मी नसले तर कुणाचं काय अडतंय?"

महाराज रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. 'बोल' म्हणाले आणि ऐकत राहिले. पंगतीची वेळ टळली तरी त्यांनी उंबरा सोडला नाही. कधी कुणाला न सांगितलेले सगळे ती त्या दिवशी बोलली.

एका बाईपायी नैवेद्य खोळंबला, म्हणून त्र्यंबकराव कुरकुरत होते. शेवटी ते तोऱ्यात उठले, हात जोडले आणि म्हणाले, "जातो." स्वतःच दचकले. पुन्हा बोलून पाहिले, तरी 'जातो'च. 'येतो' काही केल्या जिभेवर येईना! त्याच वेळी छातीवर असे ओझे येऊन बसले की घरदार, माणसे, कारभार, सगळे फोल वाटू लागले. हे काय होतंय, म्हणून ते महाराजांना विचारू लागले.

"हिला रोज होतं ते," महाराज म्हणाले. "अहो, समोरचा 'या' म्हणतो, म्हणून निघणारा 'येतो' म्हणतो. हिला 'या' म्हणणारं एवढं एकच दार होतं, तेही तुम्ही लावलंत. आता हिनेच 'या' म्हटलं तर सुटाल."

ती गप्प राहिली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. पण ते ओझे काय असते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? ती म्हणाली, "या, कारभारी."

"येतो," त्र्यंबकराव म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडू लागले.

महाराजांनी त्या दिवशी तिला एकटीला घरी धाडले नाही. मठातल्या बायका सोबतीला राहिल्या. तो विचार पुढेही कधीमधी यायचा, नाही असे नाही. पण आला की ती मठात येऊन सांगायची आणि कोणी ना कोणी तिच्याजवळ बसायचे. अशी ती पुष्कळ वर्षे जगली. महाराजांचे हे उपकार कसे फेडावेत!

पण त्या दिवशीचे निघतानाचे सांगायचे राहिलेच. त्र्यंबकराव उंबऱ्यापर्यंत आले, भरल्या पंगतीदेखत त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाले, "बाई, उद्या या. मी वाट बघतो."

तिने त्यांना हात धरून उठवले. मग म्हणाली, "येते."