मासळीचा ठसा

खट्.

एवढाच आवाज. वाळलेली काडी मोडावी तेवढा. पंचावन्न वर्षं झाली, अजून कानात आहे. घरात सुनेनं दिव्याचं बटण दाबलं तरी माझी मान वळते.

त्या आवाजाआधी उस्तादांनी मला एक प्रश्न विचारला होता.

"गेनू, बंदूक रिकामी आहे?"

मी म्हणालो, "आहे."

उत्तर बरोबर होतं. तेच सांगायला बसलोय.

उस्ताद म्हणजे बाबालाल शिकलगार. नगरच्या लष्कराला लागून भिंगार आहे. तिथं त्यांचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान होतं. मी सुताराचा, चौथीपर्यंत शाळा. बंदुकांचे लाकडी दस्ते करायला म्हणून त्यांच्याकडे लागलो आणि सात वर्षांत नळी, चाप, स्प्रिंग, सगळंच हाताखालून गेलं.

मला कावीळ झाली तेव्हा उस्ताद रोज सकाळी नाक्यावर जाऊन उसाचा रस आणायचे. मी तोंड फिरवायचो. ते म्हणायचे, "पी रे. लोखंडाला तेल, माणसाला रस." आणि पेला रिकामा होईपर्यंत खाटेजवळून हलायचे नाहीत.

दुकानात नेम एकच. बंदूक भरलेली असो, रिकामी असो, खोललेली असो, तिचं तोंड माणसाकडे करायचं नाही. समोरच्या भिंतीला वाळूची पोती रचलेली होती. तोंड तिकडे.

मला हसू यायचं. एकदा म्हणालो, "उस्ताद, अहो, हिचा बोल्टच काढून ठेवलाय. ही आता नुसती काठी आहे."

"मग काठीचं तोंड भिंतीकडे कर."

असे होते.

त्यांच्या बंडीच्या खिशात एक पोलादी ठसा असायचा. करंगळीएवढा. टोकाला तिळाएवढी मासळी कोरलेली. दुरुस्ती मनासारखी झाली की चापाजवळ, सहज दिसणार नाही अशा जागी, उस्ताद ती मासळी उठवायचे. त्यांच्या आजोबांपासूनची. आतल्या बाजूला मासळी दिसली की गिऱ्हाईक दुसरं काही विचारत नसे.

उस्तादांना मूल नव्हतं. मासळी ज्याच्या हाती जाईल, दुकान त्याचं. हे कुणी तोंडानं म्हटलं नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं. मला तर झोपेतही माहीत होतं.

त्या वर्षी उन्हाळ्यात कॅप्टन रणनवरे आले. फौजेतून निवृत्त झालेले, दोन लढाया पाहिलेले. शिकारीचा नाद. त्यांच्या बंदुकीचा दस्ता मुठीत धरायच्या बारीक जागी तडकला होता. बंदूक स्वित्झर्लंडची. तसं हत्यार मी पाहिलं नव्हतं. काडतूस आत ढकलणारा बोल्ट इतर बंदुकांसारखा उचला, फिरवा, मग ओढा, असलं काही नाही. सरळ मागं ओढला की उघडा, पुढं ढकलला की बंद. प्रत्येक भागावर एकच नंबर. बारीकसारीक स्क्रूसुद्धा असा बसलेला, की त्याची खाच नळीच्या रेषेत.

बंदुकीबरोबर त्या कारखान्याचं एक पुस्तक होतं. गुळगुळीत कागद, पानापानावर चित्रं. मला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. कॅप्टनसाहेब तीन दुपारी स्टुलावर बसून मराठीत सांगत गेले आणि मी अक्रोडाचं लाकूड तासता तासता ऐकत गेलो. माझं पाठ झालं. शाळेत कविता पाठ झाली नव्हती, ते पाठ झालं.

दस्ता पुरा झाला त्या दिवशी कॅप्टनसाहेब बंदूक न्यायला आले. मी ती उस्तादांपुढं धरली. तोंड पोत्यांकडे. दस्ता आणि लोखंड यांच्यामध्ये केस शिरला नसता.

उस्तादांनी अंगठा फिरवला. "हं," म्हणाले.

माझं त्या 'हं'नं भागलं नाही.

"उस्ताद, ही कुठून आली ते ऐका तरी. शंभर वर्षांपूर्वी तिघांनी मिळून नदीकाठी कारखाना काढला. पाण्याच्या जोरावर चालणारा. आधी तिथं रेल्वेचे डबे व्हायचे."

उस्ताद खाली बसून एका स्प्रिंगला कानस मारत होते. "कसले डबे?"

"माणसं बसायचे."

"चांगलं काम. मग?"

"मग त्यांच्या सरकारनं सांगितलं, फौजेला बंदूक पाहिजे. यांनी केली. सगळ्यांत ती पहिली आली."

"पहिली कशात?"

मी कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं. ते हसले. "उस्ताद, स्पर्धा असते तशी."

"अच्छा… मग?"

"मग सरकारनं सांगितलं, तीस हजार करा. केल्या."

"सांगितलं म्हणून?"

"सांगितल्यावर करणारच ना, उस्ताद."

"आणि डबे?"

"डब्यांचं पुढं पुस्तकात नाही."

उस्तादांनी कानशीवरचा कीस फुंकला. "बरं. अजून काय काय करतात?"

मला तेच पाहिजे होतं. मी शाळेतल्यासारखा सरळ उभा राहिलो. फौजेची वेगळी. निशाणबाजीची वेगळी, जड नळीची, माळावर कागद फोडायला. शिकारीची हलकी, डोंगर चढताना खांद्याला लागू नये अशी. तळहातात मावणारं पिस्तूल. त्याहून लहान, बायकांच्या पिशवीतलं. आणि एक तर अशी, की तिचा चाप थंडीत जाड हातमोजा घालूनही ओढता येतो.

"मोजा घालून?"

"हो. बर्फात हात गारठतात ना."

"म्हणजे बोटाला लोखंड लागतच नाही?"

"नाही ना! केवढी सोय!"

"…सोय," उस्ताद म्हणाले आणि पुन्हा कानस हातात घेतली.

कॅप्टनसाहेबांनी बंदूक खांद्याला लावून पाहिली, परत ऐरणीशेजारच्या बाकावर ठेवली. "उस्ताद, खरं सांगतो, मुंबईत असा दस्ता कुणी केला नसता. गेनूला आता मासळी देऊन टाका."

मी गप्प राहायला हवं होतं.

मी म्हणालो, "द्याच उस्ताद. तुमचा हात आता हलतो. मागच्या महिन्यात पाटलांच्या बंदुकीवर मासळी तिरकी उठली."

कानस थांबली.

तिरकी उठली होती हे खरं होतं. आदल्या हिवाळ्यापासून उस्तादांना दम लागायचा. ठसा मारताना खोकला आला होता. पाटलांना ते दिसलंही नव्हतं, फक्त मला दिसलं होतं.

उस्ताद उठले. हात पुसले. खिशातून ठसा काढला आणि ऐरणीवर ठेवला. खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडलं.

"देतो," म्हणाले. "गेनू, बंदूक रिकामी आहे?"

"आहे."

"पाहिलीस?"

"दोनदा. करंगळी घालून."

"परत पाहा."

मी बोल्ट मागं ओढला. काडतूस बसायच्या जागेत करंगळी घातली. कॅप्टनसाहेबांनी वाकून पाहिलं. "रिकामी आहे, उस्ताद," तेही म्हणाले.

"बंद कर."

केली. मी आता बाकावर बसलो होतो, बंदूक मांडीवरून पुढं, तोंड पोत्यांकडे. नेमाप्रमाणे.

उस्ताद सावकाश चालत गेले आणि पोती आणि बंदूक यांच्यामध्ये उभे राहिले. मग वाकून त्यांनी नळीचं टोक धरलं, उचललं आणि आपल्या छातीवर टेकवलं. बंडीच्या दुसऱ्या गुंडीशेजारी.

"ओढ चाप."

कॅप्टनसाहेब हसले. "काय उस्ताद, सर्कस काढताय काय?"

उस्ताद माझ्याकडे पाहत होते. कॅप्टनसाहेबांचं हसू थांबलं.

"ओढ, गेनू. रिकामी आहे ना?"

मी पुष्कळदा आठवून पाहिलंय, त्या वेळी मनात काय होतं. मला वाटलं, ही परीक्षा आहे. गुरू आपला जीव शिष्याच्या हातात देतो आणि शिष्याचा हात कापतो की नाही ते पाहतो. असल्या गोष्टी मी कीर्तनात ऐकल्या होत्या. मी ठरवलं, हात कापू द्यायचा नाही.

नळी हलत होती. मी हलवत नव्हतो. उस्तादांच्या श्वासाबरोबर ती वर व्हायची, खाली व्हायची. छातीतली घरघर लोखंडातून माझ्या तळव्यापर्यंत येत होती.

ते माझ्याकडे पाहत होते. मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. मी ऐरणीवरच्या मासळीकडे पाहत होतो.

खट्.

दुकानात काही हललं नाही.

"…रिकामी होती," उस्ताद म्हणाले.

"म्हणालोच होतो मी!"

आणि मी हसलो. हो, हसलो. लपवत नाही. बायकोला ही गोष्ट सांगितली तेव्हा हे हसणं तेवढं गाळलं होतं. ती गेली, आता कुणापासून गाळू?

माझ्याबरोबर कुणी हसलं नाही.

मी कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं. ते दाराकडे सरकले होते, एक हात चौकटीवर. दोन लढाया पाहिलेला माणूस. तोंड पांढरं पडलं होतं.

"गेनू… अरे…"

एवढंच बोलले. मग बाहेर रस्त्याकडे पाहत राहिले.

उस्तादांनी नळी छातीपासून दूर केली, हलक्या हातानं, झोपलेल्या पोराचा हात बाजूला करावा तशी. बंडीवर तेलाचं एक कडं उठलं होतं. बोराएवढं. अगदी गोल. कुठंही तिरकं नाही.

त्यांनी खाली पाहिलं. अंगठ्यानं पुसायला गेले, तर ते पसरलं.

"चाप कसा लागला?" त्यांनी विचारलं.

"लोण्यासारखा, उस्ताद."

"बोटाला काही कळलं?"

मी बोटाकडे पाहिलं.

"…नाही."

"हं."

मघाशी दस्त्यावर अंगठा फिरवून म्हणाले होते, तसंच. पण या खेपेला माझे कान तापले. मग मान. घरी अम्मा, म्हणजे उस्तादांची बायको, दोघांचा डबा बांधून ठेवत असेल, हे एकदम डोळ्यापुढं आलं. माझ्या भाकरीला ती तेल जास्त लावायची.

बंदूक मला जड झाली. खाली ठेवायची होती, पण कुठं ठेवावी कळेना. शेवटी बाकावर ठेवली. माझे हात मला दिसू नयेत म्हणून मांडीखाली घातले.

उस्तादांनी ऐरणीवरचा ठसा उचलला. मला वाटलं, खिशात घालतील. घालावा, असं आता मलाच वाटत होतं.

ते माझ्याजवळ आले. माझा उजवा हात मांडीखालून ओढून काढला, तळव्यावर ठसा ठेवला आणि माझी बोटं एक एक करून मिटवली. ज्या बोटानं चाप ओढला ते शेवटी मिटवलं. त्यांचा हात हलत होता. गरम होता.

देतो म्हणाले होते. दिला.

तो आजही माझ्याकडे आहे, सुपारीच्या डबीत. मी तो कशावरही उठवला नाही. महिन्याभरानं भिंगार सोडलं. पुढं जन्मभर दारं केली, बैलगाडीची जोखडं केली, पाळणे केले. पाळणे पुष्कळ केले.

पण त्या वेळी मी तिथंच बसलेला होतो, मूठ मिटून, आणि मला एकच आधार दिसत होता. तो मी धरला.

"उस्ताद," मी म्हणालो. "तुम्हीच म्हणालात ना, ओढ…"

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खाटेजवळ पेला घेऊन बसायचे, तेव्हा पाहायचे, तसं.

"मी म्हणालो, बेटा… उद्या दुसरं कुणी म्हणेल."

मग त्यांनी दारातल्या चपला पायात घातल्या, कॅप्टनसाहेबांच्या बाजूनं उंबरा ओलांडला आणि छातीवरचं ते कडं तसंच घेऊन उन्हातून घराकडे चालत गेले.