सुतावरून दवाखाना

आमच्या वेळणे बंदराची लाँच खडकावर आदळली आणि तिला पाण्यातून ढकलणारा पितळी पंखा मोडला. दवाखाना खाडीपलीकडे. माझ्या आईला तिथे डायलिसिसला न्यावं लागे, आणि लहान होडीत तिची हाडं खिळखिळी होत.

तेवढ्यात शलाका तांडेल नवा पंखा घेऊन आली. ही आमच्याच गावची पोर, जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर. पंखा कार्बनच्या धाग्यांना राळ पाजून घडवलेला, काळाभोर आणि पितळेपेक्षा कितीतरी हलका. पण लाँचची किल्ली ती चालवणाऱ्या सोसायटीचे अध्यक्ष आप्पा खोत यांच्या कनवटीला! त्यांनी पंख्याला टिचकी मारली आणि धक्क्यावरच्या गर्दीकडे बघत ते गरजले, "जिथं पितळ मोडलं, तिथं हे सूत टिकणार? पोरी, तू तर सुतावरून स्वर्ग गाठायला निघालीस!"

सगळे खो खो हसले. शलाकाने माझ्या आईचा हात धरून तिला पुढे आणलं.

"नाही आप्पा. स्वर्ग चुकवायलाच निघालेय. या सुतावरून आम्हाला फक्त पलीकडचा दवाखाना गाठायचाय."

हसू जागच्या जागी विरलं. आप्पांनी आईकडे पाहिलं, खाली मान घातली आणि कनवटीची किल्ली सोडली. "पहिल्या फेरीला मीच बसतो," एवढंच ते पुटपुटले.

आता लाँच इतकी कमी थरथरते, की आई वाटेत डुलकी काढते. पलीकडे उतरली, की मागे वळून पाण्यातल्या पंख्याला हात जोडते.

"सुता, आजही स्वर्ग हुकवलास बाबा. उपकार झाले!"