गोजराची भाकरी

एका राज्यात चंडसेन नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, उदार होता, पण वाट पाहणं त्याला ठाऊक नव्हतं. मोहोर दिसला की त्याला आंबा हवा, पेरा झाला की रास हवी. चैत्राच्या पाडव्याला त्याच्या दरबारात तडिताक्ष नावाचा जादूगार आला. त्याने एक सोन्याचा हंडा पुढे ठेवला.

"राजा, यात हात घाल. मागशील ते अन्न मिळेल. थांबणं नाही, रांधणं नाही."

"मोल काय?"

"एक वर्षभर हा हंडा नगराला जेवू घालील. वर्षाअखेरी यातलं खाल्लेला एक माणूस जरी तुझ्यासमोर पोटभर जेवून उठला, तर हंडा तुझा. नाही उठला, तर राज्य माझं."

राजा हसला आणि त्याने वचन दिलं. हंड्यातून लाडू निघाले, पुऱ्या निघाल्या, केशरी भात निघाला. लोक जेवले आणि जेवतच राहिले. पोटं काही भरेनात. ज्याने त्या हंड्यातला एक घास खाल्ला, त्याची भूक कायमची जागी झाली. आणखी एक नवल झालं. ज्या ज्या गोष्टीला वेळ लागतो, ती राज्यात पुरी होईना. दूध विरजेना, लोणचं मुरेना, कोंबडी अंड्यांवर बसून बसून थकली.

नगराबाहेर दोन बिघे जमिनीवर भिवा आणि गोजरा नांदत होती. एक गाय, चार कोंबड्या आणि रेणू नावाची सात वर्षांची लेक. रेणूने बाजारात त्या हंड्यातला एक लाडू खाल्ला होता. तेव्हापासून ती सकाळी जेवे, दुपारी जेवे आणि आईच्या पदराला धरून म्हणे, "आई, अजून भूक लागली गं."

गोजरा आपल्या ताटातलं तिला वाढी. भिवा आपल्या ताटातलं वाढी. लेक वाळतच चालली.

श्रावणात एके सकाळी गोठ्याच्या आढ्यावर एक साळुंकी येऊन बसली आणि माणसासारखी बोलली, "गोजरा, रडू नकोस. तीन वस्तू कर. वाटीभर तूप, एक गोधडी आणि एक भाकरी. तिन्ही घरच्या, तिन्ही तुमच्या हातच्या. चैत्राच्या पाडव्याला हंड्यासमोर ठेव. भाकरी मात्र राजाच्या डोळ्यांदेखत भाज, आणि ती होईपर्यंत राजाने हंड्याला हात लावता कामा नये. मग तुझी लेक पोटभर जेवेल."

"पण दूध तर विरजतच नाही, साळुंकीबाई."

"विरजत नाही असं नाही. फार दिवस लागतात, आणि तेवढा धीर कुणाला नाही." एवढं बोलून साळुंकी उडाली.

गोजराने त्या दिवशी दूध तापवलं, कोमट केलं, विरजण लावलं आणि मडक्याला फडकं बांधलं. सकाळी पाहिलं तर दूधच. तिने ते वासराला पाजलं, मडकं घासलं, उन्हात वाळवलं, पुन्हा विरजण लावलं. अशा एकोणचाळीस सकाळी गेल्या. एके दिवशी दारात तडिताक्ष उभा राहिला. त्याच्या हातात तुपाने भरलेली चांदीची कासंडी होती.

"बाई, कशाला कष्टतेस? हे घे."

"तूप छान आहे, महाराज. पण माझ्या गाईचं नाही."

चाळिसाव्या सकाळी फडकं सोडलं तर दही लागलेलं. सुरीने वडी कापावी असं. गोजराने भिवाला हाक मारली. दोघं मडक्याजवळ बसून बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग तिने ताक घुसळलं, लोणी काढलं, कढवलं. वाटीभर तूप झालं.

आश्विनात भिवाने ज्वारी पेरली. पेरण्याआधी बांधावरच्या देवाला हळदकुंकू वाहिलं. म्हणाला, "आम्ही पेरतो. उगवणं तुझ्याकडे." महिनाभर रान काळंच होतं. लोक म्हणाले, बी वाया गेलं. भिवा रोज पाणी देई, रोज बांधावर बसे. कार्तिक सरता सरता हिरवी सुई जमिनीतून वर आली.

इकडे गोजरा गोधडी शिवीत होती. जुनी लुगडी, भिवाचं विटकं धोतर, रेणूची आखूड झालेली झबली. दिवसभर शिवावी आणि सकाळी पाहावं तर निम्मे टाके उसवलेले. तडिताक्ष पुन्हा आला. या वेळी त्याच्याकडे आपोआप शिवणारी सुई होती. गोजराने मान वर न करता सांगितलं, "ठेवा तिकडे. माझी सुई बरी आहे." निम्मे टाके उसवत, पण निम्मे तर राहत. पौषात गोधडी पुरी झाली. रेणू तिच्यावर लोळली आणि पहिल्यांदा थोडं हसली.

माघात कणसं भरली. दोन दिवसांनी काढणी करायची ठरली. तडिताक्ष तिसऱ्यांदा आला, तो बांधावर. हाती काही नव्हतं. त्याने आभाळाकडे बोट केलं. कडाड्कन वीज उतरली आणि रान पेटलं. भिवा धावला आणि पिकाच्या टोकाला हात पसरून उभा राहिला. दिवस कलला होता. त्याची सावली लांब पडली होती. माणसाच्या सावलीतलं पीक जादूगाराला जाळता येईना. सावलीएवढी ज्वारी वाचली, बाकी राख झाली.

गोजरा धापा टाकत आली. आधी तिने भिवाचे हात पाहिले, पाठ पाहिली.

"भाजलं नाही ना?"

"मला काही नाही. पीक गेलं गं."

"तुम्ही आहात ना. आणि एका भाकरीपुरती ज्वारी आहे."

पाडव्याला तिघं राजवाड्यात गेली. हंड्यासमोर तूप ठेवलं, गोधडी ठेवली. अंगणात तीन दगडांची चूल मांडली. भिवाने सोबत आणलेलं जातं खाली ठेवलं. राजा गालफडं बसलेला, डोळे खोल गेलेला, समोर येऊन बसला. भाकरी होईपर्यंत हंड्याला हात लावू नका, असं गोजराने त्याला विनवलं. तडिताक्ष हंड्यापाशी उभा होता.

"राजा, भूक लागली असेल," तो गोड आवाजात म्हणाला. "बासुंदी निघते आहे."

राजाचा हात उचलला गेला.

"थांबा, महाराज," गोजरा म्हणाली. "अजून दळायचं आहे."

दाणे मूठ मूठ जात्यात पडले. ओवी म्हणत तिने दळलं. राजाचा हात पुन्हा उचलला गेला.

"थांबा, महाराज. अजून पीठ मळायचं आहे."

तिने पीठ मळलं, थापलं, भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. खरपूस वास अंगणभर पसरला. सगळं नगर भिंतीपाशी गोळा झालं. तडिताक्षाने हंडा राजाच्या मांडीला टेकवला.

"अजून किती, बाई?" राजाने विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"पापुद्रा सुटू द्या, महाराज."

राजाने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि डोळे मिटून घेतले. आयुष्यात तो पहिल्यांदा थांबला.

भाकरी टम्म फुगली. गोजराने ती उतरवली, मोडली, वर तूप सोडलं आणि रेणूच्या हाती दिली. रेणू सावकाश एकेक घास खाऊ लागली. पाऊण भाकरी झाली आणि तिने उरलेला तुकडा आईपुढे धरला.

"पुरे, आई. आता नको."

हंडा तडकला. त्यातून राख सांडली. तडिताक्षाच्या अंगाचा धूर झाला आणि वाऱ्यावर गेला. नगरातल्या माणसांनी पोटावर हात ठेवले, एकमेकांकडे पाहिलं; भूक निवली होती. गोजरा मात्र कुणाकडे बघत नव्हती. लेकीला पोटाशी धरून ती हमसून हमसून रडत होती, आणि भिवा दोघींच्या पाठीवरून हात फिरवीत होता.

राजाने तो उरलेला तुकडा मागून घेतला. भुईवर बसून खाल्ला.

"बाई, आणखी आहे?"

"पीठ संपलं, महाराज. पुढल्या माघात या."

"येईन," राजा म्हणाला.

मधले महिने त्याने मोजले नाहीत की माणसं धाडून चौकशी केली नाही. माघ आला तेव्हा तो एकटाच, पायी, शेतावर आला. भिवाने त्याच्या हाती विळा दिला. दिवसभर तिघांनी मिळून कापणी केली आणि रेणूने त्यांना पाणी पाजलं.

देव त्यांना पावला तसा सर्वांना पावो, ऐकणाऱ्यांच्या घरी तवा तापता राहो.