बत्तीस तुकड्यांची गोधडी

फार फार जुनी गोष्ट आहे. लहान असाल तर नीट मांडी घालून ऐका. मोठे असाल तर मान खाली घालून ऐकलीत तरी चालेल.

दोन डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं. गावात पाठशाळा होती. पाठशाळेत मुलं होती, गुरुजी होते आणि भिवरा होती.

गुरुजी गादीवर बसत, श्लोक सांगत, पाढे घेत. आवाज भारदस्त, पाठांतर पक्कं. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांची नजर मुलांच्या डोक्यांवरून जायची आणि समोरच्या भिंतीवर टेकायची.

डोक्यांच्या खालचं सगळं भिवरा बघायची. विटकरीची पूड चाळून धूळपाट्यांवर पसरायची. रडत आलेल्या पोराला मांडीवर घ्यायची, त्याचं बोट धरून पाटीवर ‘श्री’ काढून घ्यायची, पुसायची, पुन्हा काढून घ्यायची. शंभर वेळा. कोण डावखुरं आहे, कोणाच्या तोंडी ‘र’ येत नाही, कोण आज उपाशी आलंय, हे तिला विचारावं. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही मूल गादीसमोर पाढे म्हणायला बसलं नव्हतं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. मुलं तिला मावशी म्हणायची आणि गाव तिला ‘अगं ए’ म्हणायचं.

त्या गावाची एक रीत होती. वर्षअखेरीला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, गाव गुरुजींना गोधडी द्यायचं. प्रत्येक घरानं आपल्या मुलाच्या आखूड झालेल्या कपड्याचा वीतभर तुकडा द्यायचा. त्या तुकड्यांची गोधडी शिवून ती गावादेखत गुरुजींपुढे अंथरायची. मग गुरुजींनी एकेका तुकड्यावर हात ठेवायचा, तो कोणाचा ते सांगायचं, त्या मुलानं वर्षभरात काय मिळवलं ते सांगायचं आणि आशीर्वाद द्यायचा. आपल्या लेकराचं नाव गादीवरून घेतलेलं ऐकायला आईबाप वर्षभर थांबत.

आता आतली गोष्ट. गोधडी शिवायची भिवरा. आणि त्या दिवशी गुरुजींच्या मागे उभं राहून एकेक नाव हळूच सांगायची तीही भिवराच. “ही तेल्याची येसू. जोडाक्षरं आली.” गुरुजी तेच मोठ्यानं म्हणत. लोक माना डोलावत, “काय लक्ष आहे हो गुरुजींचं एकेका पोरावर!”

बारा वर्षं हे असंच चाललं. गुरुजींकडे बारा गोधड्या झाल्या. एक पांघरायला, एक अंथरायला, बाकीच्या फडताळात घडी घालून. आणि भिवराला काय? शिवून उरलेल्या चिंध्यांची टोपली. “घे गं, पोतेरं होईल तुला.” ती बिचारी खरंच पोतेरं करायची आणि त्यानं पाठशाळाच सारवायची. लाज वाटावी अशी गोष्ट होती, पण कोणाला वाटली नाही.

तेराव्या वर्षी भिवरानं तोंड उघडलं.

तुकडे जमा करायला बायका पाटलिणीच्या ओसरीवर जमल्या होत्या. पाटलिणीनं यंदा तिच्या माहेरची माणसं सोहळ्याला बोलावली होती, त्यामुळे तिचा तोरा काही औरच होता. गोधडीला रेशमी काठ लावायचा असं तिनं ठरवून टाकलं होतं.

भिवरा म्हणाली, “पाटलीणबाई, यंदा दोन गोधड्या करूया का?”

“दोन? दुसरी कोणाला?”

“मला.” हा एक शब्द बोलायला तिला बारा वर्षं लागली होती. “माझ्याही हाताखालून जातात पोरं. मलाही वाटतं, त्यांच्या कपड्यांची एक गोधडी आपल्या अंगावर असावी.”

बायकांनी हातातले तुकडे खाली ठेवले. मग पाटलीण हसली. “अगं, मान गुरुजींचा असतो. ते विद्या देतात. तू पोरांची नाकं पुसतेस. नाकं पुसल्याची गोधडी देतं होय कोणी? आणि तुकडे आणायचे कुठून दोन-दोन?”

“तुमच्या काठाच्या रेशमाच्या पैशांत चार गोधड्यांचं अस्तर होईल,” भिवरा म्हणाली.

“जीभ बरीच लांब झाली गं तुझी! उरलेलं देतोच की तुला दरवर्षी. कधी चुकलंय?”

बायका हसल्या. ज्यांच्या पोरांना भिवरानं कडेवर घेऊन घरी पोचवलं होतं, त्याही हसल्या. एक कुंभारीण तेवढी हसली नाही.

भिवरानं तुकड्यांचं गाठोडं उचललं आणि ती घरी आली. अंगाचा नुसता भडका उडाला होता. गाठोडं तसंच ओढ्यात टाकून द्यावं असं तिच्या मनात आलं. पण गाठ सोडली तर वर येसूच्या परकराचा तुकडा, त्याखाली लोहाराच्या दगडूची निळी बंडी. आता यांना कसं टाकणार? ती दात-ओठ खात शिवायला बसली. सुई दोनदा बोटात गेली, पण टाका एकही वाकडा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी कुंभारीण आली. पदराखालून तिनं हळदी रंगाच्या परकराचा तुकडा काढला. तिची ठकू भाद्रपदात तापानं गेली होती. जेमतेम सहा वर्षांची पोर.

“मावशी, हा लावशील? पोर शाळेत येत होती ना सहा महिने? एकदा तिचं नाव गादीवरून घेतलं जाऊ दे. मग मी काही मागणार नाही.”

“घेतलं जाईल,” भिवरा म्हणाली. “मी आहे ना.”

एकतीस तुकडे होते, ठकूचा धरून बत्तीस झाले. भिवरानं तो बरोबर मधोमध लावला.

सोहळ्याचा दिवस आला. पाठशाळेच्या अंगणात गाव लोटलं. पाटलिणीची माहेरची माणसं पुढे सतरंजीवर बसली. गोधडी अंथरली, रेशमी काठ उन्हात चमकला, आणि भिवरा नेहमीसारखी गुरुजींच्या मागे जाऊन उभी राहिली.

तोच पाटलीण पुढे आली. गोधडीबरोबर आलेली चिंध्यांची टोपली तिनं सगळ्यांदेखत भिवराच्या हातात दिली. “हे तुझं. आणि आज मागे उभी राहून कुजबुजत बसू नकोस. पाहुणे आहेत, बरं दिसत नाही. जा, खाली बस.”

भिवरानं गुरुजींकडे पाहिलं. एक शब्द ते बोलतील, असं तिला वाटलं. गुरुजींनी उपरणं सारखं केलं आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मागून सांगणारं कोणी नसेल तर आपलं काय होईल, हे त्या भल्या माणसाच्या लक्षातच आलं नव्हतं. इतकी त्यांना तिची सवय झाली होती.

भिवरा खाली येऊन बसली. टोपली मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. म्हणा आता, ती मनात म्हणाली. म्हणा बघू!

पहिला तुकडा जरीचा होता. जर पाहून गुरुजींनी ओळखलं. “हा पाटलांचा मानाजी. तीसपर्यंत पाढे पाठ!” मानाजीला दोनचा पाढाही धड येत नव्हता. मुलं फिदीफिदी हसायला लागली आणि पाटलिणीचे कान लाल झाले.

दुसऱ्या तुकड्यावर हात ठेवून गुरुजी अडखळले. “ही... ही तेल्याची मुलगी.” तो दगडूच्या बंडीचा तुकडा होता. दगडू तोंड वासून बघत राहिला. तिसऱ्याला ते नुसते “गुणी मूल” म्हणाले. चौथ्यालाही तेच. आता त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मान वळवून भिवराला शोधलं. तिनं नजर चिंध्यांवर खिळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं, आणि ते का वाटू नये?

चुका वाढत गेल्या. लोक आधी हसले, मग कुरकुरायला लागले. गुरुजी घाईघाईनं हात पुढे सरकवत होते. तो हात मधल्या हळदी तुकड्यावर पडला.

“ही पण हुशार मुलगी. पाहालच तुम्ही, पुढच्या वर्षी ही माझ्यासमोर बसून पाढे म्हणेल!”

परकर सगळ्या गावानं ओळखला होता. कुंभारणीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती भिवराकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं विचारणं होतं.

भिवरा ताडकन उठली. टोपली घरंगळली, चिंध्या अंगणभर झाल्या.

“हात उचला गुरुजी!”

गुरुजींनी चटका बसल्यासारखा हात उचलला.

“ती ठकू आहे. कुंभाराची. भाद्रपदात गेली. पाच महिने ती ‘श्री’ उलटा काढायची, मी तिचं बोट धरून सुलटा काढून घ्यायची. ताप चढला त्याच्या आदल्या दिवशी तिनं तो एकटीनं काढला. सुलटा. तुम्हाला दाखवायला पाटी घेऊन गादीपाशी आली होती ती. तुम्ही भिंतीकडे बघत होतात.”

भिवराचा आवाज रागानं चढला.

“तिच्या आईला मी शब्द दिला होता आणि मी गप्प बसले. तो गुन्हा माझा आहे, कुंभारणीचे पाय धरून मी तो भोगीन. पण गावकऱ्यांनो, तुमचं काय? तुमच्या पोरांचं नाव कोण घेत होतं इतकी वर्षं? हा तुकडा दगडूचा. डावखुरा आहे, म्हणून बाप मारतो त्याला. त्याचं अक्षर शाळेत सगळ्यांत सुंदर आहे. ही येसू. हिला ‘र’ म्हणता येत नव्हतं, आता येतं. हा मानाजी, पाटलीणबाई. पाढे नाही येत त्याला. पण कोणी उपाशी आलं तर आपली भाकरी अर्धी करून देतो. तुम्हाला ठाऊक होतं?”

पाटलिणीला ठाऊक नव्हतं.

भिवरानं बत्तीसही तुकडे सांगितले. एक नाव चुकलं नाही. मग पायाखालच्या चिंध्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली, “यंदाचं पोतेरं तुमचं तुम्ही करा.” आणि निघाली.

गुरुजी गादीवरून उतरले. पहिल्यांदाच त्यांनी भिंत सोडून माणसांकडे पाहिलं. “बारा वर्षं मी तिचं पाठांतर म्हणत होतो,” ते म्हणाले. “आज तिला खाली बसवलं तेव्हा मी बोललो नाही. ही गोधडी घ्यायचा मला हक्क नाही.”

“मग तिलाच देऊन टाकू,” पाटलीण घाईनं म्हणाली. पाहुण्यांसमोर गेलेली अब्रू तिला लवकर झाकायची होती.

भिवरा फाटकाशी थांबली. “माझ्याच हातानं शिवलेली मलाच देता? मग तुम्ही दिलंत काय?”

ती गेली. पाडवा झाला, शाळा उघडली, भिवरा आली नाही. दोन दिवसांत धूळपाट्यांवरची पूड संपली, मुलांनी एकमेकांना ओरबाडलं, आणि सर्वांत धाकटा पोरगा मावशी मावशी करत रडून रडून झोपला. गुरुजींनी त्याला मांडीवर घेऊन पाहिलं. त्यांना ते जमलं नाही.

तेव्हा बायका पुन्हा ओसरीवर जमल्या. कोणीतरी म्हणालं, अंगणातल्या चिंध्या आहेत, त्याच जोडून तिला एक गोधडी करूया.

कुंभारीण उभी राहिली. ती कधी मोठ्यानं बोलत नसे. “उरलेलं नाही! घरी जा. आखूड झालेलंही नको, अंगावरचं चांगलं आणा. आणि तुकडा वीतभर पाहिजे, बोटभर नको. शिवायचं तुम्ही. तिनं नाही.”

ती आधी स्वतः घरी गेली. ठकूच्या परकराचा राहिलेला घेर तिनं उशाशी जपून ठेवला होता. त्यातला वीतभर तिनं कापला.

पंधरा दिवस बायका शिवत होत्या. पाटलिणीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ती ओवायला शिकली. एक कोपरा गुरुजींनी शिवला. ते टाके इतके वाकडे आले की मुलं अजून त्यांना हसतात.

गोधडी घेऊन सगळं गाव भिवराच्या दारी गेलं. या वेळी नावं कोणीच सांगितली नाहीत. एकेक मूल पुढे आलं, आपापल्या तुकड्यावर हात ठेवून आपलं नाव स्वतः म्हणालं आणि मावशीनं काय शिकवलं ते स्वतः सांगितलं. हळदी तुकड्यापाशी यायला मूल नव्हतं. तिथे कुंभारणीनं हात ठेवला.

“ठकू,” ती म्हणाली. “हिला श्री आला.”

भिवरानं गोधडी अंगावर घेतली आणि कुंभारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. गावावरचा तिचा राग मात्र लगेच गेला नाही. वर्षभर ती पाटलिणीशी तुटकच बोलायची, आणि पाटलीण ते ऐकून घ्यायची. त्या चिंध्यांचं पोतेरं पाटलिणीनंच केलं आणि पाठशाळा सारवली. आपणहून केलं म्हणतात.

तेव्हापासून त्या गावात वर्षअखेरीला दोन गोधड्या होतात, सारख्याच लांबीरुंदीच्या, आणि दुसरी, मावशीची, आधी शिवतात.

बोध हा, की कष्ट करणाऱ्याचा वाटा उरल्यासुरल्यातून काढू नये. तो आधी बाजूला काढावा आणि मग मानपानाच्या गोष्टी कराव्यात.