शेपटी पथकाचं संचलन

मुलींनो, खरं सांगायचं तर ही गोष्ट मी तुमच्यासाठी रचलीच नव्हती. माझी लेक शाल्मली रविवारी मुलींच्या पथकातून घरी आली ती गप्पच. पोहे तसेच ठेवले. तिथे तिला कुणी सामावून घेत नसेल का, या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही. सरळ विचारायचं धाडस होत नव्हतं. माझ्यासारख्या शिकलेल्या आया सरळ विचारत नाहीत, मुलांच्या मनावरची पुस्तकं वाचत बसतात. शेवटी मंगळवारी सकाळी तिच्या वेण्या घालता घालता मी गोष्टच सुरू केली.

ओढ्याकाठच्या एका रानात चौघींचं एक पथक होतं. मुंगूसताई त्यांची पुढारी. तिच्यामागे भित्री ससुली, मग चपळ खारूताई आणि शेवटी बोलघेवडी साळुंकी. चालताना प्रत्येकीने पुढचीची शेपटी धरायची, ही त्यांची खूण. साळुंकी ती चोचीत धरी, त्यामुळे तेवढा वेळ रानाला जरा शांतता मिळे. पथकाचं नाव अर्थातच शेपटी पथक. त्यांची रांग निघाली की चिमण्यासुद्धा दाणे टिपायचं सोडून बघत राहत.

ती रांग रोज बघून बघून एका बेडकीला राहवेना. एक दिवस ती पुढे आली आणि मला घ्याल का, असं विचारू लागली. मुंगूसताईने तिच्याभोवती एक फेरी मारली. "तुझी शेपटी कुठंय?"

"लहानपणी होती," बेडकी म्हणाली. "मोठी झाले तशी गेली."

"गेलेली चालत नाही. नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या दिवशी बेडकी पुन्हा हजर, आणि मागे हिरवीगार शेपटी! ओढ्यातल्या लव्हाळ्याची लांब पात तिने चिखलाने चिकटवली होती. मुंगूसताईने लांबूनच पाहिलं, मान डोलावली आणि तिला ससुली आणि खारूताईच्या मधे उभं केलं. रात्रीत शेपटी कशी उगवली, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून बेडकी रोज पहाटे नवी पात शोधी आणि उड्या आवरून, पाऊल मोजून रांगेत चाले. रांग सुटली की मात्र कुणाजवळ न थांबता पाण्यात पळे. जवळून कुणी पाहिलं तर?

मग संचलनाचा दिवस आला. सगळ्या रानातली पथकं जमली. सुतारपक्ष्याने खोडावर ताल धरला, मोरांची रांग गेली, वानरांची गेली, आणि शेपटी पथक ओढ्यावर आडव्या पडलेल्या झाडावरून ऐटीत निघालं. दोन्ही काठांवर ही गर्दी! ते बरोबर मधोमध आले आणि पाण्याच्या तुषारांनी बेडकीचा चिखल विरघळला. पात सुटून खारूताईच्या पंजात राहिली आणि दचकलेल्या बेडकीच्या हातून ससुलीची शेपटी निसटली. पुढच्या दोघी तशाच पुढे गेल्या, मागच्या दोघी तिथेच अडकल्या आणि मधे बेडकी एकटी. काठावरची वानरं शेपूट तुटलं, शेपूट तुटलं म्हणत लोळायला लागली. बेडकीने खाली पाण्याकडे पाहिलं. एक बुडी मारली की संपलं. पुन्हा कुणाला तोंड दाखवायला नको.

खारूताईने तिचा पाय पकडला. "जाऊ नकोस. ते गवत आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मुंगूसताई तणतणत परत आली. माहीत होतं तर बोलली का नाहीस, म्हणून खारूताईवर कडाडली.

"बोलले असते तर तू हिला काढलं असतंस."

तेवढ्यात कधी चकार शब्द न काढणारी ससुली म्हणाली, की माझी तरी शेपटी कुठं आहे धरण्याजोगी, चिमटीतून दहादा निसटते. साळुंकीची चोच आता मोकळीच होती. शेपटीचे केस रोज घशात जातात, हे सांगून ती थांबली नाही, उरलेल्या महिन्याभराच्या तक्रारीही तिने तिथेच उरकल्या. मुंगूसताई ऐकत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "ओढली की मलापण दुखते गं."

पाचही जणी त्या झाडावर खो खो हसत सुटल्या. मग प्रत्येकीने पुढचीच्या पाठीवर हात ठेवला, साळुंकीने पंख. बेडकीची पाठ गार आणि बुळबुळीत लागली, पण खारूताईने हात काढला नाही. पलीकडे मैदानाच्या तोंडाशी म्हातारं सांबर प्रत्येक पथकाला नाव विचारत होतं. मुंगूसताईने सवयीने तोंड उघडलं, मिटलं, मागे वळून एकेकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "पाचजणी."

तात्पर्य : पथकाची खूण सगळ्यांना पेलेल अशी असावी. एखादीला ती पेलत नसेल, तर तिला बदलू नये, खूण बदलावी.

दुसरी वेणी अजून अर्धीच होती. जमलं बाई, असं मी मनात म्हटलं. आता ही रडेल, मन मोकळं करेल, मी जवळ घेईन. शाल्मली रडली नाही. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"आई, मी बेडकी नाहीये. मी मुंगूसताई आहे. रविवारी मी एकीला परत पाठवलं. तिचं नावपण नाही विचारलं."